माहूरच्या कैद्याला उच्च न्यायालय किती दूर?

अभिवचन रजा म्हणजे सरकारची मेहेरबानी, आणि मेहेरबानी केव्हाही परत घेता येते, अशी आपल्या नोकरशाहीची जुनी समजूत आहे. 1978 मधील मनेका गांधी आणि सुनील बत्रा या दोन निकालांनंतर ती टिकू शकत नाही. राज्यघटना तुरुंगाच्या दारापाशी थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगितले. मग पोलीस ठाण्याच्या चार ओळींच्या अहवालावर, कैद्याचे म्हणणे न ऐकता त्याची रजा रद्द करणे कोणत्या न्यायात बसते?

2016 मध्ये नाशिक कारागृहातून पॅरोलवर सुटलेला खुनाच्या गुन्ह्यातील एक कैदी फरार झाला व त्याच वर्षी राज्याचे नियम कडक झाले. संताप रास्त होता. पण एकाच्या पलायनाची शिक्षा इतरांना का?

करोनाच्या साथीत या वृत्तीने कळसच गाठला. मे 2020 मध्ये आपत्कालीन रजेची तरतूद झाली. सात वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्यांसाठी अट होती : मागील दोन रजांवरून कैदी वेळेवर परतलेला असावा. अधिकाऱ्यांनी अर्थ लावला की, ज्याला पूर्वी रजाच मिळाली नाही तो अपात्र! जो कधी बाहेर पडलाच नाही, तो परतण्यात चुकला कसा? हे साधे तर्कशास्त्र जुलै 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला शिकवावे लागले. आणि रजा न मिळालेले हे कैदी असतात तरी कोण? बहुधा ज्यांना जामीनदार मिळत नाही तेच.

न्यायालयांनी प्रशासनात ढवळाढवळ करू नये, असा आक्षेप घेतला जातो. न्यायालय रजा वाटत नाही. आदेशामागे कारण आहे काय आणि कैद्याला ऐकले काय, एवढेच ते तपासते. पण तेवढ्यासाठीही माहूरच्या डोंगरपट्ट्यातील शेतमजुराच्या बायकोने शेकडो किलोमीटर दूर असलेले औरंगाबाद खंडपीठ गाठायचे, वकील करायचा, तारीख घ्यायची. तोवर रजेची मुदतच संपते, आणि याचिका निरर्थक ठरते. श्रीमंताचा वकील त्याच दिवशी उभा राहतो.

तेव्हा रद्दीकरणाचा आदेश सकारण, लेखी आणि मराठीत असावा, त्याची प्रत त्याच दिवशी कैद्याच्या हाती पडावी आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील तुरुंगातच त्याला भेटावा. नांदेड-किनवट-माहूरच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेली पाहिजे.