दुपारचं जेवण मित्रासाठी राखून ठेवा

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसांना, आणि नांदेड, लातूर, उदगीरहून इथे कामानिमित्त येणाऱ्यांनाही, एक विनंती आहे. ज्या मित्राला कित्येक महिने ‘भेटू एकदा’ म्हणत आलात, त्याला याच आठवड्यात फोन करा आणि दुपारी जेवायला बोलवा. नुसत्या चहाला नको. चहा पंधरा मिनिटांत संपतो आणि तेवढ्या वेळात माणूस ‘बरं चाललंय’ यापलीकडे काही सांगत नाही.

जागा म्हणाल तर दिलसुखनगर. क्लासच्या, नाहीतर कॉम्प्युटर कोर्सच्या निमित्ताने आपल्यातले बरेच जण कधी ना कधी इथल्या हॉस्टेलात राहिलेले आहेत. एका खोलीत चौघे, सकाळी नळावर नंबर आणि रात्री मेसचा भात. पुढे कोणी नोकरीसाठी गच्चीबावलीला गेलं, कोणी उप्पलला घर घेतलं, कोणी गावी परतलं. ‘लांब पडतं’ ही सबब आता फारशी चालत नाही. 24 सप्टेंबर 2018 पासून मेट्रो दिलसुखनगरपर्यंत येते. मियापूरहून गाडी थेट आहे, रायदुर्ग किंवा हायटेक सिटीकडून येणाऱ्याने अमीरपेटला बदलायची. गावाकडून एसटीने येणारा मित्र महात्मा गांधी बस स्थानकावर उतरला, की तिथून मेट्रोने चौथं स्टेशन.

वेळ मात्र विचार करून ठरवा. साडेबारा ते दोन क्लासची पोरं, दुकानदार, ऑफिसवाले सगळे एकदम जेवायला येतात. तुम्ही घास चावत असता आणि खुर्चीमागे कोणी उभं असतं. दोननंतर जा. पण मील्स किती वाजेपर्यंत मिळतात हे आधी फोनवर विचारा, कारण बरीच ठिकाणं दुपारचं जेवण लवकर आवरतात. रविवार टाळता आला तर टाळाच.

बिर्याणीला माझा विरोध नाही, तरी निवांत बोलायचं असेल तर मी आंध्रा मील्स सुचवेन. त्या जेवणाला क्रम असतो. आधी गरम भात, त्यावर तुरीच्या डाळीची पोडी, म्हणजे कोरडी चटणी, आणि तूप. मग पप्पू, म्हणजे डाळ, आणि सोबत आंबाडीची झणझणीत चटणी. ही मराठवाड्याच्या माणसाला परकी वाटत नाही. मग भाजी, चिंचेचं पुलुसू, पातळ चारू, म्हणजे रसम, आणि शेवटी दहीभात. दरवेळी नवा भात, दरवेळी वाढपी येऊन विचारणार. हे जेवण घाईत उरकताच येत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे.

कारण बोलण्यालाही असाच क्रम असतो. पोडी-तुपावर नोकरी, फ्लॅटचे भाव, मुलांचे मार्क होतात. पप्पूच्या वेळी जुन्या हॉस्टेलातल्या कोणाकोणाची चौकशी. आणि दहीभात कालवताना मित्र खाली बघत म्हणतो, ‘मागच्या महिन्यापासून घरीच आहे.’ किंवा वडिलांच्या आजाराचं, नाहीतर कर्जाचं सांगतो. ही गोष्ट त्याने फोनवर सांगितली नसती आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर नाहीच नाही. म्हणून तुमचा फोन खिशातच ठेवा, आणि तीन वाजता कुठे जायचंय असं आल्याआल्या सांगू नका. त्याने सांगितल्यावर लगेच उपाय सुचवायला धावू नका. ‘मग?’ एवढंच विचारा आणि थांबा.

इतक्या वर्षांनी फोन केला तर त्याला काय वाटेल, या संकोचात अनेकजण अडकतात. संशोधक पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली अमेरिकेत याचाच अभ्यास केला. आपण आठवण काढल्याचं समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज माणसं कमीच करतात असं त्यात दिसलं; अनपेक्षितपणे आलेला निरोप तर जास्तच भावतो. मैत्रीचे अभ्यासक जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मांडलेला हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. जिवलग मैत्रीसाठी दोनशेहून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. हॉस्टेलच्या खोलीतल्या मित्राबरोबर तुम्ही ते केव्हाच घालवलेत. चाळिशीनंतर नव्या माणसाला द्यायला एवढा वेळ कोणाकडे असतो? म्हणून जुना मित्र सांभाळा.

बायकांना हे वेगळं सांगायला हवं. विवेकवर्धिनी शाळेत एका बाकावर बसलेल्या मैत्रिणी याच शहरात राहतात आणि फक्त लग्नकार्यात भेटतात. घरच्यांचं जेवण आधी, मग आपलं, या सवयीत दुपार निघून जाते. एक दुपार घरातल्यांनी वाढून घ्यावं. ते त्यांना जमतं.

पैशाचं आधीच बोला. बरोबरीचे असाल तर टीटीएमएम उत्तम, त्यात कोणाला कमीपणा नाही. पण मित्राचे दिवस ओढगस्तीचे आहेत असं कानावर असेल, तर ‘या वेळी माझ्याकडून’ हे बोलावतानाच सांगा. बिल आल्यावरची ओढाताण त्याला लागते. मुसलमान मित्र असेल तर रमजानात दुपार नको, इफ्तारनंतर भेटा. कोणाची एकादशी, कोणाचं पथ्य, हेही विचारून घ्या. जेवण झाल्यावर बाहेर लोक ताटकळत असतील तर टेबल सोडा, वाढप्याच्या हातात काही द्या आणि उरलेलं बोलणं इराणी चहावर करा. जेवणानंतरच्या चहाला मी आडवा येणार नाही.

आणि जो मित्र प्रत्येक वेळी ‘बघतो, कळवतो’ म्हणून टाळतो, त्याच्यावर रुसू नका. न येण्यामागे बहुतेक वेळा तुमच्याशी वैर नसतं. हातात पैसा नसतो, नाहीतर सांगण्यासारखं काही चांगलं उरलेलं नसतं. अशाला दिलसुखनगरचा आग्रह धरू नका. त्याच्या घराजवळचं स्टेशन विचारा, दिवस तुम्हीच ठरवा आणि त्याला सांगा, ‘मी दोन वाजता तिथे उतरतोय, तू फक्त खाली ये.’