आधी परवाना, मग वात

फटाक्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, सरळ बंद करा. दुसरा म्हणतो, सण आमचा, विचारणारे तुम्ही कोण? परवानगीचा अर्ज मात्र कुणाच्याच बोलण्यात नसतो. मला आज त्या कंटाळवाण्या कागदाची बाजू घ्यायची आहे.

बेळगावात दारूकामाला निमित्तं काय कमी आहेत? शिवजयंती, गणपती विसर्जन, दिवाळी, गावोगावच्या जत्रा, नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री कॅम्पात जळणारा ‘ओल्ड मॅन’. यातल्या कुठल्याही ठिकाणी परवानगीचं विचारून बघा. “पोलिसांना सांगून ठेवलंय की!” हेच उत्तर बहुधा मिळेल. पण सांगून ठेवणं वेगळं आणि लेखी परवाना वेगळा.

कायदा जुना आहे. १८८४ चा स्फोटक कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम. सणापुरता फटाक्यांचा स्टॉल लावायचा तर तात्पुरता परवाना लागतो. दोन स्टॉलमध्ये किमान ३ मीटर अंतर हवं, ते समोरासमोर नकोत आणि एका जागी ५० पेक्षा जास्त नकोत. स्टॉलपासून ५० मीटरच्या आत फटाके उडवायचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये वेळही ठरवून दिली: दिवाळीला रात्री ८ ते १०, नाताळ आणि नववर्षाला ११.५५ ते १२.३०. दवाखाना, शाळा, कोर्ट, प्रार्थनास्थळ यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. म्हणजे देऊळ असो, मशीद असो की आपलं चर्च, नियम सगळ्यांना सारखा.

आता कुणी म्हणेल, मग परवानगी नाकारली की काम झालं. नाही झालं. केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे जे घडलं ते आठवा. आतषबाजीच्या स्पर्धेला जिल्हा प्रशासनानं परवानगी नाकारली होती. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी आधीपासून तक्रारी केल्या होत्या. तरी आतषबाजी झाली, ठिणगी साठ्यावर पडली आणि १०० हून अधिक माणसं गेली. कागदावर ‘नाही’ होतं, मैदानावर ‘हो’ चाललं होतं.

आपल्या कर्नाटकातही २०२३ मध्ये अत्तिबेलेच्या दुर्घटनेत १४ हून अधिक लोक दगावले. त्यानंतर सरकारनं मिरवणुका, लग्नं आणि राजकीय कार्यक्रमांत फटाक्यांना बंदी जाहीर केली. चांगलं झालं. पण नुसत्या बंदीनं हौस मरत नाही, ती गल्लीच्या कोपऱ्यात जाते. तिथं ना पाण्याची बादली, ना वाळू, ना जाणता माणूस. बारा-तेरा वर्षांची पोरं सुतळी बॉम्बला काडी लावतात.

म्हणून मला वाटतं, सरळ मार्गानं जाणाऱ्याची वाट आधी मोकळी करा. आज अर्ज घेऊन गेलं की पोलीस स्टेशन म्हणतं डीसी ऑफिसला जा, तिथून कॉर्पोरेशन, मग अग्निशामक दल. चार टेबलं फिरून झाली की पोरं कंटाळतात, किंवा कुणीतरी चिरीमिरीचा रस्ता दाखवतो. त्यापेक्षा भागाभागांत एकेक मैदान आधीच जाहीर करावं. सामुदायिक आतषबाजीसाठी जागा ठरवा, असं न्यायालयानंही म्हटलंच आहे. अर्ज एकाच खिडकीवर घ्यावा, कन्नडबरोबर मराठीतही असावा. पंधरा दिवसांत उत्तर द्यावं, नाकारलं तर कारण लिहून द्यावं.

आपल्या मराठी मंडळालाही इथं काम आहे. कविता-कथांबरोबर एक पानभर माहिती सोप्या मराठीत लिहू या: कुठं जायचं, कुठले कागद न्यायचे, वेळ कुठली. दिवाळीच्या महिनाभर आधी ती गल्लीतल्या पंचांच्या हातात द्यावी.

परवान्याचा मोठा उपयोग शिक्क्यात नाही. परवान्यावर एका जबाबदार माणसाचं नाव असतं. आज एखाद्या पोराचा हात भाजला तर मंडळ म्हणतं आम्ही नव्हे, पोलीस म्हणतात आम्हाला माहीत नव्हतं, आणि दवाखान्याचं बिल एकटी आई भरते. ज्याला आपलं नाव कागदावर लिहायचं धाडस नाही, त्यानं वातीला काडी लावू नये.