पिवळी ढेप आणि सजग पालक

'सजग पालकत्व' हा शब्द अलीकडे आपल्या घराघरांत ऐकू येतो. पुण्या-बेंगळुरास नोकरीला असलेली मुले-सुना सुट्टीत घरी येतात, ती बाळाचा शिधा बरोबर घेऊनच. सेंद्रिय तांदूळ, सेंद्रिय डाळ, सेंद्रिय नाचणीचे पीठ आणि सेंद्रिय गुळाची पूड. नातवाच्या खिरीत आजीच्या डब्यातला गूळ पडता कामा नये, असा दंडक असतो. यात अपमान मानण्याचे कारण नाही. लेकराच्या पोटात विष जाऊ नये ही काळजी आईबापांनी करायची नाही, तर कोणी? माझा वाद त्यांच्या हेतूशी नाही. पाकीट विकत घेतले की कर्तव्य संपले, या समजुतीशी आहे. आणि तो तरुणांपेक्षा आपल्या पिढीशी अधिक आहे, कारण आजीच्या डब्यातला तो गूळ बिघडवला आपणच.

कसा बिघडवला, हे चिकोडी-निपाणीकडच्या गुऱ्हाळावर तासभर उभे राहिल्यास कळते. काहिलीत रस उकळू लागला की त्यात रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची, ही जुनी रीत. अशा गुळाचा रंग तांबूस किंवा तपकिरी उतरतो. जमीन, उसाची जात आणि खत यांप्रमाणे तो बदलतो. पण बाजारात सौदा ठरतो रंगावर. पिवळाधमक गूळ दिसला की बोली चढते, काळसर दिसला की पडते. म्हणून काहिलीत हायड्रॉस पडू लागला. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटची पूड. कापडाच्या रंगकामात वापरले जाणारे रसायन. ते रसाचा रंग उडवते आणि मागे सल्फर डायऑक्साइडचा अंश ठेवते, जो दम्याच्या रोग्यास बाधू शकतो. कायद्याने गुळात किलोमागे ७० मिलिग्रॅमपर्यंतच तो चालतो. परंतु काहिलीपाशी तराजू घेऊन कोण बसतो? पूड अंदाजानेच पडते. गंमत अशी की, हा पिवळेपणा टिकाऊही नाही. साठवणीत तोच गूळ पुन्हा काळवंडतो.

एका गुळव्यास मी याविषयी जरा अधिकारवाणीनेच विचारले. निवृत्त झाले तरी सरकारी आवाज लवकर जात नाही. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बिनपावडरीचा करतो की. पण तुमच्यातलं कोण घेतंय? संक्रांतीला सगळ्यास्नी सोन्यासारखा गूळ पायजे." मला उत्तर सुचले नाही. दुकानात ढेप फोडायला लावून आतला रंग पाहणारा आणि काळी निघाल्यास परत करणारा मीच होतो. ही पारख मला वडिलांनी शिकवली, मी मुलाला शिकवली. घराण्याची म्हणून आपण जी चोखंदळ दृष्टी मिरवतो, तिने काहिलीत पूड ओतली.

सेंद्रिय शिक्का खोटा आहे, असे मी म्हणत नाही. केंद्राची प्रमाणन-व्यवस्था २००१ सालापासून आहे, कर्नाटकाने २००४ मध्ये सेंद्रिय शेतीचे धोरण आखले, 'जैविक भारत' हे चिन्ह २०१७ च्या नियमांबरोबर आले. हंगामी पिकांसाठी दोन आणि बहुवर्षायू पिकांसाठी तीन वर्षे संक्रमणकाळ सोसावा लागतो. दप्तर ठेवावे लागते, तपासणी करून घ्यावी लागते. एवढे करणाऱ्यास चार पैसे अधिक मिळणे न्याय्यच होय. परंतु शिक्का ग्वाही देतो ती पिकवण्याच्या आणि प्रक्रियेच्या पद्धतीची. खाणाऱ्याच्या हिताची ग्वाही तो देत नाही. निपाणीकरांस हे समजावून सांगण्याची गरज नसावी, कारण तंबाखूही सेंद्रिय पिकवता येते. अमेरिकेत तशा सिगारेटी विकल्या जातात आणि सेंद्रिय तंबाखू म्हणजे सुरक्षित सिगारेट नव्हे, अशी सूचना जाहिरातीत छापावी लागते. सेंद्रिय साखरेचे बिस्कीटही मुलाच्या दातांना साखरच असते.

मला अधिक खुपतात ते स्वयंपाकघरातले दोन डबे. बाळासाठी पाकिटातला गूळ. पाहुण्यांसाठी, वाण देण्यासाठी आणि कामवालीच्या हातावर ठेवण्यासाठी पिवळी ढेप. विष आहे हे ओळखायचे आणि ते दुसऱ्याच्या मुलाला द्यायचे, याला सजगता म्हणावे काय? निपाणीच्या तंबाखू वखारींत भुकटीच्या धुरळ्यात पदर नाकातोंडाला बांधून राबणाऱ्या बायका आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो. त्याही पालकच होत्या. त्या धुरळ्यातून आलेल्या पैशावर या भागातील किती माड्या उठल्या, हे आपणांस ठाऊक आहे. आपले मूल तेवढे चांगले खाते, ही जाणीव त्या माडीवरून फार सोपी असते.

कोणी म्हणेल, मग निदान शेतकऱ्याने तरी प्रामाणिक राहावे. राहील, पण त्यास दाम हवा. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्याने रास्त भाव मागितला, तेव्हा त्याच्या वाट्याला गोळीबार आला. काळ्या गुळाचा भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला बंदूक लागत नाही, नापसंतीने हलवलेली मान पुरते. मॉलमधील पाकिटावरील किंमत मुकाट्याने देणारे आपण, गुऱ्हाळावर मात किलोमागे पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. मूल शेजारी उभे राहून हे पाहत असते. त्याच्यापुढे सेंद्रिय आहाराचे प्रवचन कोणत्या तोंडाने करावयाचे?

लहान शेतकऱ्याने आपला सेंद्रिय माल थेट ग्राहकास विकल्यास त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, अशी सूट नियमांतच आहे. तेथे शिक्क्याची जागा ओळखीने भरून काढावी लागते. यंदा आम्ही आधीच भाव ठरवून, चुलवण पेटलेले असताना समोर बसून, रानभेंडीवर काढलेला दहा किलो गूळ आणला. ऊस सेंद्रिय नव्हता, हेही सांगून टाकतो. नातू काहिलीची वाफ पाहत दोन तास बसला आणि गरम काकवीने शर्ट माखून परतला. सूनबाईंनी आधी नाक मुरडले, मग आपले पाकीट बाजूला ठेवले. संक्रांतीच्या वड्या चॉकलेटच्या रंगाच्या झाल्या. शेजारच्या वहिनींनी तिळगूळ हातात घेऊन विचारले, "पाक जळला वाटतं?" तेव्हा नातवानेच सांगितले, "नाही काकी, गूळ असाच असतो."