आधी उंची सोडा

दिवाळीच्या तोंडावर कॅमेऱ्याच्या दुकानांत सवलतीच्या पाट्या लागतात आणि त्याच सुमारास सह्याद्रीही मोकळा होतो. पाऊस ओसरलेला, हवा धुतलेली, गवत अजून पुरते वाळलेले नाही. या दिवसांत आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: एकट्यानेच भटकतो, सॅकला लावून नेता येईल असा हलका ट्रायपॉड कोणता घ्यावा? विचारणाऱ्याला एखाद्या कंपनीचे नाव हवे असते. ते सांगण्याआधी दुसराच प्रश्न विचारावा लागतो: तो नेमका कशासाठी हवा आहे?

कारण दिवसाउजेडी केलेल्या बहुतेक ट्रेकना आता ट्रायपॉडची गरज उरलेली नाही. कॅमेऱ्याच्या आतली स्थिरीकरणाची यंत्रणा इतकी सुधारली आहे की 24 मिमी लेन्सवर अर्धा सेकंद हातात धरून साधता येतो, सराव असेल तर एक सेकंदही. धबधब्याचे पाणी रेशमासारखे दिसायला एवढा वेळ पुरतो. गडावर जाऊन दरवाजे, बुरूज, टाकी टिपायची आणि संध्याकाळच्या एसटीने परतायचे, असा बेत असेल तर ट्रायपॉड घरी ठेवा आणि त्या वजनाचे पाणी घ्या.

तो लागतो तो मुक्कामाला. फेब्रुवारी ते मे या काळात पहाटेच्या आकाशात आकाशगंगेचा गाभा चढतो. पुढे पाऊस लागतो आणि ढग सगळे झाकून टाकतात. 20 मिमीच्या लेन्सवर पाचशेचा जुना ठोकताळा लावला तरी 25 सेकंदांचे एक्स्पोजर येते, आणि आजच्या दाट पिक्सेलच्या सेन्सरवर त्याहून कमीच ठेवावे लागते. तरीही ते हाताचे काम नव्हे. मेअखेरीस भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजव्यांनी झाडे लखलखतात, तेव्हा तर एकाच चौकटीत अनेक एक्स्पोजर घेऊन ती एकावर एक रचावी लागतात. कॅमेरा केसभर हलला तर सगळी मेहनत वाया. शिवाय एकट्या भटक्याला चौकटीत माणूस हवा असेल तर तो माणूस स्वतःच असतो.

म्हणजे ट्रायपॉड लागणार तो रात्री, वाऱ्यात, लांब एक्स्पोजरसाठी. थोडक्यात, तो भक्कम असावा लागतो. आणि एकट्याच्या पाठीवर तंबू, शिधा, स्वेटर, तीन-चार लिटर पाणी असे सगळेच असते, वाटून घ्यायला दुसरे कोणी नसते, म्हणून तो हलकाही हवा. या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात. बाजार यावर जो तोडगा काढतो तो आम्हाला चुकीचा वाटतो.

बाजाराचा तोडगा असा: उंची दीड मीटरच्या आसपास ठेवायची, घडी 40 सेंमीच्या आत बसवायची आणि त्यासाठी पायाचे चारऐवजी पाच सेक्शन करायचे. एकात एक शिरणाऱ्या नळ्या असल्याने प्रत्येक सेक्शनला व्यास सुमारे 3 मिमीने घटतो. वरची नळी 25 मिमीची असेल तर पाचवी 13 मिमीवर येते. नळीच्या भिंतीची जाडी तीच धरली, तर वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ती शेवटची नळी वरच्या नळीच्या जेमतेम सातव्या हिश्शाइतकी ताठ. चार सेक्शनवर थांबलात तर शेवटची नळी 16 मिमीची राहते आणि तिचा ताठपणा 13 मिमीच्या जवळजवळ दुप्पट भरतो. त्यावर सेंटर कॉलम वर काढला की तीन पायांच्या ट्रायपॉडवर आपण एकपायी काठी उभी केलेली असते.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. पीक डिझाइनचा ट्रॅव्हल ट्रायपॉड 2019 साली आला आणि घडीच्या बाबतीत त्याने इतरांना विचार करायला लावला. घडी 39 सेंमी, पूर्ण उंची 152 सेंमी. यातले सुमारे 22 सेंमी केवळ सेंटर कॉलमचे आहेत. तो खाली ठेवला तर उंची 130 सेंमी. वाऱ्यात शेवटचा बारीक सेक्शनही आत ठेवला तर ती आणखी उतरते. वापरायची उंची ही आहे, आणि इतर कंपन्यांच्या प्रवासी ट्रायपॉडची गतही फारशी वेगळी नाही. जी उंची वारा सुटल्यावर वापरता येत नाही, तिच्यासाठी पैसे का मोजायचे आणि ती गडावर का वाहून न्यायची?

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. वजन कमी करायचे तर पहिला बळी उंचीचा द्यावा, नळीच्या जाडीचा नव्हे. चार सेक्शनचा, सेंटर कॉलम नसलेला किंवा काढून ठेवता येणारा, पूर्ण उघडल्यावर 110 ते 120 सेंमीपर्यंत जाणारा ट्रायपॉड घ्या. कॅमेऱ्याचा पडदा आता वर वळवता येतो, त्यामुळे डोळा व्ह्यूफाइंडरला लावायला ताठ उभे राहावे लागत नाही. जमिनीलगत वाराही कमी असतो. कोकणकड्यावर किंवा संजीवनी माचीच्या टोकाला रात्री मांडी घालून काम करणे उभ्यापेक्षा सुरक्षितही आहे.

याला अपवाद आहेत. पुरुषभर वाढलेल्या कारवीच्या वरून पलीकडचा डोंगर हवा असेल तर बुटका ट्रायपॉड कामाचा नाही. गुडघे दुखणाऱ्यांना वारंवार वाकणे जमत नाही, हेही खरे. त्यांनी उंच आणि जाड दोन्ही घ्यावे आणि जादा अर्धा किलो सोसावा. पण उंच आणि बारीक घेऊ नये.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम, यावर आमच्या मते गरजेपेक्षा जास्त चर्चा होते. जिट्झोने 1994 साली कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणल्यापासून कार्बन म्हणजे दर्जा असे समीकरण झाले. कार्बन हलका असतो, कंप लवकर शमवतो, हिमालयातल्या थंडीत हाताला चटका देत नाही, हे सगळे बरोबर. पण छोट्या ट्रायपॉडमध्ये वजनाचा मोठा वाटा सांधे, लॉक आणि हेडचा असतो, त्यामुळे बचत मर्यादित राहते. वरच्याच उदाहरणात कार्बनचे वजन 1.27 किलो आणि अ‍ॅल्युमिनियमचे 1.56. फरक 290 ग्रॅमचा. बाजारात आले तेव्हा किमती मात्र सुमारे 600 आणि 350 डॉलर होत्या. शिवाय अ‍ॅल्युमिनियमला कातळावर आपटून पोचा येतो, तर कार्बनची नळी आडव्या माराने चिरू शकते. पैसे मर्यादित असतील तर ते चांगल्या बॉलहेडवर आणि 38 मिमी रुंदीच्या आर्का पद्धतीच्या प्लेटवर खर्च करा. बॉल घट्ट केल्यावर चौकट खाली सरकत असेल तर पाय सोन्याचे असूनही उपयोग नाही.

वाऱ्याबद्दल थोडे सविस्तर. वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ज्यांनी रतनगडाच्या नेढ्यात कॅमेरा लावला असेल त्यांना सूत्र सांगायची गरज नाही. तिथे कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवावा, कारण फडफडणारा पट्टा हादरे देत राहतो. हुकाला सॅक अधांतरी लटकवण्याची सूचना पुस्तकांतून दिसते, पण वाऱ्यात ती सॅकच झोके घेऊ लागते. तिचा तळ जमिनीला टेकलेला असावा. त्याहून सोयीचे म्हणजे एक रिकामी कापडी पिशवी न्यावी, वर पोचल्यावर धोंडे भरून टांगावी आणि निघताना ते जिथले तिथे ठेवून यावे. तटबंदीच्या चर्या शाबूत असतील आणि त्यांवर भार टाकण्याजोगी स्थिती असेल, तर वीतभर उंचीचा टेबल ट्रायपॉडही तिथे टेकवून चालतो.

ट्रायपॉड सॅकला बाजूने, पाय वर करून न लावता हेड वर ठेवून लावा आणि ते डोक्याच्या वर येऊ देऊ नका. घसाऱ्यावर किंवा रॉकपॅचवर वर आलेले टोक करवंदीच्या जाळीत, कातळाच्या कंगोऱ्यात अडकते. सोबत कोणी असेल तर तो सोडवतो. एकटा असलेल्याचा तोल जातो. दुसरी सवय सेल्फ टायमरची. दहा सेकंद लावून कड्याकडे धावत जाणे हा प्रकार थांबवा. जवळपास प्रत्येक नव्या कॅमेऱ्यात ठरावीक अंतराने फोटो घेत राहण्याची सोय आहे. दर तीन सेकंदांना एक असे लावून ठेवा, सावकाश चालत जागेवर जा, बसा, सावकाश परत या. नको असलेले फोटो पुसायला काही लागत नाही.

आणि परवानगीचे. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले रायगड, शिवनेरी, लोहगड यांसारखे किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आहेत आणि तिथे ट्रायपॉड लावण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. पायथ्याशी वाद घालण्यापेक्षा आधी अर्ज करावा.

आता ट्रायपॉड विकणाऱ्यांना एक विनंती. खोक्यावर भारक्षमता ठळक छापता, पण ती प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते, त्यामुळे दोन आकड्यांची तुलना होत नाही. त्याऐवजी सर्वांत खालच्या नळीचा व्यास आणि सेंटर कॉलम वर न काढता मिळणारी उंची, एवढे दोन आकडे छापा. ते छापले जात नाहीत तोवर वाचकांनी दुकानात जाताना आपला कॅमेरा, आपली सर्वांत जड लेन्स आणि एक मोजपट्टी बरोबर न्यावी.