वंगणाचा हिशेब

‘सर्व्हिसिंग’ला मराठी प्रतिशब्द काय, असे वर्गात मला अजून कोणी विचारलेले नाही, हे माझे भाग्य. सरकारी परिभाषेत ‘परिरक्षण’ आहे. पण तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे कालवे, इमारती आणि निविदा येतात, मोटार काही येत नाही. ‘निगा’ हा त्याहून चांगला. मूळचा फारसी, पण आता तुळशीवृंदावनाइतका घरचा झालेला. मात्र निगा रोज राखायची असते, आणि मोटारीचे हे प्रकरण वर्षातून एकदा दाराशी येते. तेही नेमके दिवाळीच्या तोंडावर. आमच्यासारख्यांच्या गाड्या दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे वाढदिवस फराळाच्या यादीशी टक्कर घेतात. एरवी या पानावर मला दीड रकाना मिळतो. दिवाळीत संपादक हात सैल सोडतात, म्हणून या अंकासाठी हा विषय राखून ठेवला होता.

आमची गाडी यंदा चार वर्षांची झाली, आणि ४०,००० किलोमीटरही त्याच सुमारास भरले. लहानशी पेट्रोलची गाडी. पुण्यात असताना महाविद्यालय, मंडई आणि मुलीचा क्लास; आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तिथे माझी आई एकटी राहते आणि पुण्याला येऊन राहायला साफ नकार देते. तेव्हा आमच्या घरी मोटार हा हौसेचा विषय राहिलेला नाही.

वॉरंटी संपलेली. आता गाडी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये न्यायची, की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मिस्त्रींकडे? या प्रश्नावर सुशिक्षित समाजात दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात समेट होण्याचे लक्षण नाही. माझा मेहुणा पहिल्या पंथाचा. “भाऊजी, कंपनीत द्या आणि मोकळे व्हा. चार पैसे जास्त जातील, पण झोप लागेल.” आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी दुसऱ्या पंथाचे. “अहो प्राध्यापक, तिथे गाडी धुण्याआधी गिऱ्हाईक धुतात.” दोघेही आपापल्या ठिकाणी ठाम, आणि गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तक दोघांनीही उघडलेले नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण मेहुण्याच्या गाडीत ते अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात आहे.

मी ते वाचले. पोथी वाचायची सवय असलेल्या माणसाला त्यात अवघड काही नाही. शेवटाकडे एक तक्ता असतो. कोणते काम किती किलोमीटरांनी अथवा किती महिन्यांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. आमच्या पुस्तकात इंजिनाचे ऑइल आणि त्याचा फिल्टर १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष; ब्रेक ऑइल दोन वर्षांनी; एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग ४०,०००ला. गाडीगाडीगणिक हे आकडे बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या पुस्तकावर जाऊ नये. ‘गाडी फारशी चाललीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचे?’ हा प्रश्न आमच्या सौ.ने विचारला, आणि तो रास्त होता. मंडईपर्यंतच्या छोट्या खेपांत इंजिन पुरते तापत नाही. त्यामुळे आत धरलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल उडून न जाता ऑइलातच मुरते. मोटार उभी राहिली तरी वंगणाचे वय वाढतच असते.

ऑइलची प्रतही पुस्तकात दिलेली आहे: ०-डब्ल्यू-२०. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. ऑइल थंडीत किती सहज वाहते ते पहिला आकडा सांगतो आणि इंजिन तापल्यावर ते किती दाट राहते ते दुसरा. ‘आपल्याकडच्या उन्हाळ्याला जाड ऑइल बरे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. इंजिन ज्यांनी बनवले त्यांना उन्हाळा ठाऊक असतो, असे मी समजतो.

एवढी तयारी करून मी गाडी तपासणीसाठी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथली थंडगार खोली, फुकट कॉफी आणि हातात टॅबलेट घेतलेला अत्यंत नम्र तरुण यांचे वर्णन करत नाही. सर्वांनी पाहिलेले आहे. तासाभराने त्याने खर्चाचा अंदाज दाखवला. एकूण १५,१६० रुपये.

मी तो वर्गात कविता घेतात तसा ओळीओळीने घेतला. ऑइल व फिल्टर २,४५०, एअर फिल्टर ४२०, प्लग ६४०, ब्रेक ऑइल ५५०, अलाइनमेंट व बॅलन्सिंग ९००, मजुरी २,३००. इथपर्यंत सारे पुस्तकाला धरून, आणि बेरीज ७,२६०. पुढे अलंकार सुरू झाले. इंजिन फ्लशिंग ८५०, थ्रॉटल बॉडीची सफाई १,२५०, एसीचे निर्जंतुकीकरण ९५०, रंगावर लेप १,८०० आणि ‘इंजिन ड्रेसिंग’ ४५०. या शेवटच्या प्रकारात बॉनेटखालचे भाग पुसून चकचकीत करतात. बॉनेट आम्ही वर्षातून दोनदा उघडतो. अलंकारांचे ५,३०० झाले. अलंकार वाईट असतात असे मी म्हणणार नाही, माझी भाकरी त्यांच्यावर आहे; थ्रॉटल बॉडी खरोखर मळली, गाडी उभी असताना इंजिन धडधडू लागले, तर ती साफ करावीच लागते. पण दुखणे नसताना औषध, आणि तेही दर वर्षी, हे पुस्तकात कुठेही लिहिलेले नव्हते. मी त्या तरुणाला एवढेच विचारले, “यांतली कोणती कामे तक्त्यात आहेत?” त्याने कसलाही वाद न घालता पाचही ओळी खोडल्या. इतक्या झटपट खोडल्या की त्या लिहिण्यामागे त्याची फारशी श्रद्धा नसावी.

उरली एक ओळ: पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड, २,६०० रुपये. इथे मात्र मी थबकलो. चकाकीवर कात्री चालवणे सोपे असते. कुंभार्लीच्या वळणांवर पाय ज्या पेडलवर असतो, त्याच्यावर ती चालवताना हात कापतो. घरी फोन केला. सौ. म्हणाली, “अहो, ब्रेकवर काटकसर नको. पण किती झिजलेत ते आधी विचारा.”

‘झिजलेत’ हा शब्द मोघम आहे. मी मिलिमीटरमध्ये विचारले. तरुण आत गेला, परत आला, म्हणाला, “सर, सहा शिल्लक आहेत. रेकमेंडेड आहे, कंपल्सरी नाही.” नव्या पॅडचा थर साधारण दहा मिलिमीटरचा असतो, आणि दोन-तीन उरले की बदलल्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे अजून निम्म्याहून अधिक थर शाबूत. ‘शिफारस’ आणि ‘आवश्यक’ यांत मराठीतही अंतर आहे, पण एस्टिमेटच्या कागदावर दोघांना एकाच रांगेत बसवलेले होते. तरुणाचे आभार मानून, तपासणीचे पैसे देऊन, मी कागद मागून घेतला आणि निघालो.

मिस्त्रींकडे कॉफी नाही. एक लाकडी बाक आहे, त्यावर बसले की पँटला ऑइल लागते. त्यांनी पुढचे चाक काढले, पट्टी लावली आणि तोच आकडा सांगितला. “सहा आहेत, सर. वर्ष काढतील. पण ब्रेक ऑइल कधी बदललंत?” दोन वर्षांपूर्वी. “मग ते आधी. तुम्ही घाट उतरता.” हे ऑइल हवेतली ओल शोषत राहते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबले की ते तापते, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल पायाखाली मऊ पडते आणि गाडी थांबायची तशी थांबत नाही. साऱ्या यादीतले जवळजवळ सर्वांत स्वस्त काम, पण आमच्या उपयोगाच्या दृष्टीने पहिल्या नंबरचे. (घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हेही मिस्त्रींनी सांगून टाकले. माझे वडील असेच सांगत.)

मिस्त्रींचा हिशेब असा: ऑइल व फिल्टर मी स्वतः नाना पेठेतून आणले, २,१५०, एअर फिल्टर ३५०, प्लग ५६०, ब्रेक ऑइल ३५०, मजुरी १,२००, आणि अलाइनमेंट शेजारच्या टायरवाल्याकडे ६००. एकूण ५,२१०. सामान आणताना सील न फुटलेला डबा, छापील किंमत आणि पक्के बिल या तीन गोष्टी पाहाव्यात; बनावट मालाचा धंदा तेजीत असतो. २२ सप्टेंबर २०२५पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. पूर्वी पुष्कळ भागांवर २८ होता. तेव्हा बिलात जुना दर दिसला तर हटकावे.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. कंपनी आणि मिस्त्री यांच्यातले खरे अंतर २,०५० रुपयांचे. ज्या अंतरावर दोन पंथांचे भांडण चालते ते दहा हजारांचे वाटते खरे. पण त्यातले ७,९०० ‘कुठे’ या प्रश्नाचे नव्हतेच, ते ‘काय’ या प्रश्नाचे होते. २,०५०मध्ये त्या थंड खोलीचे भाडे येते, संगणकावर राहणारी नोंद येते, आणि उद्या गाडी विकताना गिऱ्हाईकाला दाखवायचा शिक्काही येतो. ज्याला ते मोलाचे वाटेल त्याने खुशाल द्यावेत. आम्ही काम मिस्त्रींकडे केले.

ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी मात्र माझे अनुकरण करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे हा मुख्य आक्षेप. बाहेरच्या मिस्त्रीकडे गेल्याबद्दल सरसकट वॉरंटी रद्द करू नये, त्याच्या चुकीच्या कामामुळे जेवढी हानी झाली असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही आयोगाने सांगितले. पुढे प्रकरण अपिलांत गेले. तत्त्व माझ्या मते योग्यच आहे, पण वर्कशॉपच्या खिडकीशी उभे राहून तत्त्व लढवायला सुट्टी काढावी लागते. वॉरंटी आहे तोवर कंपनीत जावे आणि अलंकार खोडून घ्यावेत, हे सोयीचे.

एक गोष्ट मिस्त्रींनी आपण होऊन नाकारली. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा कधी लागलाच तर माझ्याकडे आणू नका, सरळ कंपनीत जा, असे ते म्हणाले. कंपनीने एखादा सदोष भाग बदलण्यासाठी गाड्या परत बोलावल्या असतील तर ते कामही तिथेच होते, आणि फुकट होते. पुष्कळ कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासी नंबर घातला की आपली गाडी त्यात आहे की नाही ते कळते. आमची नव्हती. मुलीने दोन मिनिटांत पाहून सांगितले.

मिस्त्रींनी साध्या कागदावर बिल दिले. त्यावर तारीख, किलोमीटर, ऑइलची प्रत आणि ‘पॅड ६’ एवढे लिहून घेतले. सौ.ने तो कागद दुधाच्या आणि विजेच्या बिलांच्या फायलीत लावला. उरलेल्या पैशांतून काय घ्यायचे यावर घरात तीन मते आहेत. मी मात्र त्यातले काही बाजूला ठेवले आहेत. बॅटरी पुढचा हिवाळा काढणार नाही असे मिस्त्रींनी जाता जाता सांगितले, आणि तिचे भाव मी आतापासूनच विचारू लागलो आहे.