गुलाबी टोपी आणि आपला संकोच

२००३ सालचा जोहान्सबर्गचा अंतिम सामना आमच्या पिढीच्या जिव्हारी लागलेला आहे. पहिल्याच षटकात सचिनचा उंच उडालेला फटका ग्लेन मॅकग्राने स्वतःच झेलला आणि अवघ्या ४ धावांवर आमचा देव तंबूत परतला. त्या रात्री त्या माणसाला घरोघरी ज्या लाखोल्या वाहिल्या गेल्या, त्यांत माझाही वाटा होता.

१२४ कसोटींत ५६३ बळी! शोएबचा वेग नाही, अक्रमची जादू नाही. ऑफ स्टंपच्या आसपास त्याच टप्प्यावर तासन्‌तास चेंडू. हे आकडे आपली मुले पाढ्यांसारखे म्हणतात. पण पुढे त्याची पत्नी झालेल्या जेनला १९९७ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला, हे किती घरांत उच्चारले गेले?

उपचारांच्या काळात जेनला एका खास परिचारिकेचा मोठा आधार मिळाला. असा आधार इतर स्त्रियांनाही मिळावा म्हणून पतिपत्नींनी २००५ मध्ये संस्था काढली. २२ जून २००८ रोजी, ४२ व्या वर्षी, जेन गेली. संस्था चालू राहिली. ती कोनशिला बसवीत नाही, परिचारिका नेमते. सरकारही खर्चाचा वाटा उचलते. डॉक्टर काय म्हणाले ते ही बाई रुग्णाला समजावून सांगते, नवऱ्याला बसवून सांगते. पैसे नाहीत, चिठ्ठी नाही. २००९ पासून सिडनीच्या जानेवारीतील कसोटीचा तिसरा दिवस जेनच्या नावाने साजरा होतो. मैदान गुलाबी होते.

मॅकग्रा संत नव्हे. मैदानावर तोंडाळ होता, आणि आफ्रिकेतील शिकारीची छायाचित्रे २०१५ मध्ये बाहेर आल्यावर त्याला जाहीर खेद व्यक्त करावा लागला. तरीही आजाराचे नाव त्याने हजारो पुरुषांसमोर घेतले.

आणि आपण? २०२१ मध्ये विहारी-अश्विनने सिडनीची कसोटी वाचवली, तेव्हा आपण पहाटे पाचला उठून बसलो होतो. त्या गुलाबी टोप्या कशासाठी, हे माझ्या घरात तरी कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही! आपल्या बायका गाठ वर्षवर्ष पदराआड लपवतात. दवाखान्यात डॉक्टर कानडीत आणि इंग्रजीत बोलतात, आमची बाई मान हलवते आणि घरी येऊन म्हणते, "काही नाही, गोळ्या दिल्यात." भाषेच्या हक्कासाठी आपण मोर्चे काढले, या बाईला तिच्या भाषेत चार वाक्ये सांगणारे माणूस मात्र आपण कधी मागितले नाही.

माता-पालक सभेत या विषयावर व्याख्यान ठेवावे, असे मी एकदा सुचवले. "सर, मुलींच्या आयांसमोर असले विषय?" असे म्हणून एका वजनदार गृहस्थांनी ते खोडले. त्या जागी 'संस्कारांचे महत्त्व' झाले. शाल-श्रीफळासह.

यंदा मी सभेची परवानगी मागितलेली नाही. संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्याच घरी आहे. मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्या एक निवृत्त परिचारिका यायला तयार आहेत. पुरुषांनीही यावे, बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडतो.