तंबोरा खाणारी यंत्रं

शास्त्रीय गाण्याच्या मैफली आज जितक्या रेकॉर्ड होतात तितक्या पूर्वी कधीच होत नव्हत्या, आणि त्यांतली बहुतेक रेकॉर्डिंगं खोटी आहेत. खोटी हा शब्द मी रागाच्या भरात वापरत नाही. गायकाने जे केलं ते त्यांत सापडत नाही, आणि जे त्याने केलंच नाही ते त्यांत भरलेलं असतं. यासाठी यंत्राच्या किमतीला दोष देऊ नका. दोष आहे यंत्रावरच्या एका सोयीचा, जिच्यावर ‘ऑटो’ असं लिहिलेलं असतं, आणि ती सोय बंद करण्याचा आळस करणाऱ्या आपल्या सगळ्यांचा.

एका संगीत मंडळाने आपल्या वार्षिक सभेचं रेकॉर्डिंग मला मोठ्या अभिमानाने पेन ड्राइव्हवर दिलं. विलंबित ख्याल, राग पूरिया. पूरियात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोरा निषादावर लावलेला. गायिका मंद्र निषादावर येते आणि थांबते. तिथे थांबणं हाच पूरिया. पण ती थांबली की दुसऱ्या क्षणाला तंबोरा फुगू लागतो. तंबोऱ्यामागून छताचा पंखा वर येतो, पंख्यामागून पहिल्या रांगेतलं कुणाचं तरी खाकरणं. मग सम येते, तबलजी डग्ग्यावर घुमारा देतो, आणि सगळं एकदम खाली दाबलं जातं. तंबोरा नाहीसा. गायिकेचा षड्ज, जो मुखड्यातून उसळून वर यायचा, तो मधल्या पुटपुटण्याइतकाच मोठा. सेकंदभराने तंबोरा पुन्हा उगवतो, पुन्हा फुगतो, पुन्हा समेला मरतो. संपूर्ण ख्यालभर हेच. गायिकेने आयुष्याची वर्षं घालून कमावलेला आवाजाचा लगाव, कुठे फुंकर घालायची, कुठे भरून आणायचं, कुठे नुसतं सोडून द्यायचं, ते सगळं एका चिपने सपाट करून टाकलं. आणि मंडळाचे चिटणीस म्हणाले, “किती क्लिअर आलंय बघा, एकही शब्द चुकत नाही!”

ऑटो लेव्हल नेमकी हीच करामत करते. आलेला आवाज मोजायचा, कमी वाटला की वाढवायचा, जास्त वाटला की दाबायचा. ही सोय भाषणांसाठी, बैठकींसाठी, वर्गातल्या तासांसाठी काढलेली आहे. अध्यक्ष माइकजवळ बोलतात, सदस्य मागून बोलतो, दोघांचंही टिपणात यावं, इतकंच तिचं काम. ते ती चोख करते. ख्यालात मात्र लहानमोठेपणा हाच मजकूर असतो. तो पुसणं म्हणजे पत्रातली अक्षरं ठेवून विरामचिन्हं, ओळी, परिच्छेद सगळं खोडणं.

फोनची तर कथाच वेगळी. फोनमध्ये लेव्हलच्या जोडीला गोंगाट काढून टाकणारी व्यवस्था असते. ती गोंगाट ओळखते कसा? जो आवाज सतत, एकसारखा, न बदलता चालू राहतो, तो गोंगाट. पंखा, एसी, रस्त्यावरची घरघर. आता सांगा, मैफलीत सतत, एकसारखं, न बदलता काय चालू असतं? तंबोरा. ज्याच्यावर सगळं गाणं उभं आहे तो तंबोरा फोनच्या हिशेबी कचरा ठरतो आणि तो खरवडून काढला जातो. जवारीची ती बारीक किणकिण, तारेतून उठणारा स्वयंभू गंधार, यातलं काही उरत नाही. उरतो निराधार लटकलेला एक आवाज. मग कुणी तरी ते ऐकतो आणि म्हणतो, बाई जरा बेसूर वाटल्या. बेसूर बाई नव्हत्या. त्यांचा आधार तुम्ही काढून घेतलात.

“आम्ही काय कंपनीला विकायला करतो का? आठवण म्हणून ठेवतो,” असं उत्तर मला नेहमी मिळतं. ते मला मान्य नाही. ही आठवण तुमच्या कपाटात राहत नाही. ती रात्रीतून व्हॉट्सॲपवर जाते, दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर चढते, आणि जिथे गुरू नाही अशा तालुक्याच्या गावातली एखादी मुलगी तीच ऐकून ख्याल शिकते. तिला वाटतं, गाणं असंच एका पातळीवर, एका जोरात, मधे श्वास न घेता चालतं. उद्या ती तसंच गाईल. तेव्हा तुम्हीच म्हणाल, हल्लीच्या मुलांना लगाव नाही.

जुन्या लोकांचं दु:ख वेगळं होतं. 1902 साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं तेव्हा गायकाला कर्ण्यात तोंड घालून, जोर लावून, तीन मिनिटांत सगळं उरकावं लागे. मर्यादा यंत्राची होती आणि गाणारा तिच्याशी झुंजत होता. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, तीही तसलीच साडेतीन मिनिटांची तबकडी. गोव्याच्या केरीतून निघालेल्या या बाईंचं मैफलीतलं सविस्तर गाणं मात्र आज फार थोडं हाताशी आहे. पुढे स्पूल आले आणि काही वेड्या रसिकांनी जड यंत्रं उचलून बैठकींत नेली. सुईवर नजर ठेवून, बटणावर बोट ठेवून, रात्र रात्र बसून. आज आपण ज्या खासगी मैफली कान देऊन ऐकतो त्या या माणसांमुळे. कॅसेटचे छोटे टेपरेकॉर्डर आले तेव्हाच ऑटो लेव्हलची कीड लागली होती, हेही खरं. पण त्या काळी तुम्हाला फारसा पर्याय नव्हता.

आज आहे. 2006च्या सुमारास एडिरॉलचा आर-09 आणि झूमचा एच4 आले, 2007 मध्ये सोनीचा पीसीएम-डी50, 2009 मध्ये झूमचा एच4एन. ज्याला सूटकेसभर सामान लागायचं ते तळहातावर आलं, आणि हाताने लेव्हल ठरवायची सोय त्यासोबत आली. म्हणजे ज्या क्षणी मर्यादा गेली, नेमक्या त्याच क्षणी आपण हात वर केले.

आता खरेदीबद्दल. दुकानात गेलात की आकड्यांचा मारा सुरू होतो. 96 किलोहर्ट्झ, 192 किलोहर्ट्झ. घेऊ नका. माणसाच्या कानाची धाव 20 हजार हर्ट्झपर्यंत, पन्नाशी उलटलेल्या रसिकाची त्याहून बरीच खाली. 48 किलोहर्ट्झला 24 हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं टिपलं जातं. 192 वर फाइल चौपट होते, कार्ड भरतं, आणि त्या वरच्या जागेत अंगच्या छोट्या माइकांना टिपण्यासारखं फारसं काही नसतं. हट्ट धरायचा असेल तर 24 बिटांचा धरा. टेपच्या काळात लेव्हल कमी ठेवली की फितीची सरसर वर यायची, म्हणून जाणती माणसं सुई लाल रेषेला भिडवायची. 24 बिटांत ती गरज संपली. कमी ठेवा, मागाहून वाढवा, काही बिघडत नाही. उलट जास्त झालं तर सुटका नाही. 24 बिटांत शून्य डेसिबलच्या वर काहीच नसतं. लाटेचा माथा कापला गेला की तो कुठलंही सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे परत आणत नाही.

हल्ली 32 बिट फ्लोट नावाचा नवा मंत्र आला आहे. झूमचा एफ3 2022 मध्ये आला, 2024 मध्ये एच1 एसेन्शियल. यात लेव्हल लावायचीच गरज नाही, रेकॉर्डिंग मागाहून हवं तेवढं वर-खाली करता येतं. तंत्र खरं आहे, मी त्याच्या बाजूचा आहे, ज्याला बटणाची धास्ती वाटते त्याने हेच घ्यावं. पण ढोलताशा पथकाच्या पुढ्यात हे यंत्र धरलंत तर माइकच फाटतो, तिथे बिट कामाला येत नाहीत. आणि चुकीच्या जागी ठेवलेलं यंत्र 32 बिटांतही चुकीच्या जागीच असतं.

जागा! यावर कुणी बोलत नाही, आणि निम्मं रेकॉर्डिंग इथेच मरतं. दिवाणखान्यातली बैठक असेल तर यंत्र सतरंजीवर ठेवू नका, प्रत्येक मांडी बदलल्याचा धक्का त्यात येतो. पेटीवर तर मुळीच नको, भात्याची फसफस आणि पट्ट्यांची खटखट यांखाली गाणं गाडलं जातं. तिपाई घ्या. गायकासमोर पाच-सहा फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तोंड गायक आणि तबला यांच्या मधोमध. पंख्याच्या झोतातून बाहेर. तबलजी हातोडीने तबला मिळवून झाल्यावर दोन-चार खणखणीत थापा देतो, त्या वेळी लेव्हल लावा. काटा उणे 18 डेसिबलच्या आसपास राहू द्या, द्रुतात तो उणे 12 किंवा त्याच्याही वर जाणारच आहे. मग बटण सोडा. मधे मधे ते फिरवत बसणं म्हणजे हाताने केलेला ऑटोच.

लो-कट नावाची एक खिट्टी असते, पंख्याची घरघर काढायला. तिचा मोह फार. काही यंत्रांत ती 200 हर्ट्झच्या वर जाते. तिथे नेलीत तर पंख्यासोबत डग्गाही गेला, आणि पुरुष गायकाचा खर्ज पोकळ झाला. 80च्या पुढे जाऊ नका. त्यापेक्षा पंखा बंद करा. श्रोते तासभर घाम पुसतील, पुसू द्या.

सभागृहांत आणखी एक फसवणूक चालते: थेट मिक्सरमधून वायर घ्यायची आणि निश्चिंत व्हायचं. मिक्सरमधून तेवढंच येतं जेवढं ध्वनिव्यवस्थेवाल्याने स्पीकरला पाठवलं. छोट्या सभागृहात तबला मुळात दणकट ऐकू येतो म्हणून तो त्याने कमी ठेवलेला असतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तबलजी शेजारच्या खोलीत बसल्याचा भास होतो. शिवाय त्याने गायकाच्या आवाजावर एको चढवलेला असतो, तो फुकटात पदरी पडतो. आणि ही वायर लाइनऐवजी माइकच्या भोकात खुपसणारे महाभाग मी पाहिले आहेत. पहिल्याच आलापाला आवाज चिरफाळतो. मिक्सरची वायर घ्या, पण अंगचे माइकही चालू ठेवा आणि दोन्ही स्वतंत्र ट्रॅकवर साठवा.

एमपीथ्रीत रेकॉर्ड करणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. वारकरी भजनाचं 128 किलोबिटचं रेकॉर्डिंग ऐका, टाळांचा खणखणाट कसा चुरगळतो ते कळेल. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा वेव्ह तासाला साधारण एक जीबी घेतो. 32 जीबीचं कार्ड अख्ख्या संगीत महोत्सवाला पुरतं. जागा वाचवायचं कारण उरलेलंच नाही. कार्ड मात्र खात्रीच्या दुकानातून घ्या, रस्त्यावरच्या बनावट कार्डांत अर्धी मैफल गडप होते. बॅटरी नवी घाला.

मग सगळं नीट झालेलं असतानाही आपण शेवटी माती खातो. फाइलचं नाव काय? झूम0012. तारीख? यंत्राचं घड्याळ लावलंच नव्हतं, म्हणून सगळ्या मैफली कुठल्या तरी एक जानेवारीला झालेल्या. साथीला कोण होतं? आठवत नाही. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर लोक पेन्सिलीने का होईना राग, ठिकाण, साल लिहायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव, विषय, सगळं टिपून ठेवलं, म्हणूनच त्यांतल्या कित्येक आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर शोधून ऐकता येतात. त्या निरक्षर बायांच्या ओवीला जी इज्जत मिळाली ती आपण पंडित आणि उस्तादांना देत नाही. रेकॉर्डिंग सुरू करताच यंत्रात बोला: दिनांक, गाव, कलाकार, साथीदार. अर्ध्या मिनिटाचं काम. घरी आल्यावर त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रती काढा. एकच प्रत असलेली डिस्क जेव्हा बसते तेव्हा बैल गेला अन् झोपा केला अशी गत होते.

आणि विचारा. गायकाला आधी विचारा. कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क 50 वर्षांचा आहे. स्वत:पुरतं ऐकायला किंवा अभ्यासाला केलेलं रेकॉर्डिंग कायदा चालवून घेतो, गायकाला न विचारता जगभर वाटणं चालवून घेत नाही. कायदा बाजूला ठेवा. ज्याच्या गाण्याला दाद देता त्याला एवढं विचारण्याची रीत आपल्याकडे असायला हवी.

महाराष्ट्रात आणि गोव्यात गावोगावी संगीत मंडळं आहेत. वर्षाला दोन-चार बैठकी करतात, हार, शाल, श्रीफळ, मंडप यांवर खर्च करतात, आणि रेकॉर्डिंग कुणाच्या तरी पुतण्याच्या फोनवर सोपवतात. चिटणीसमहोदय, येत्या वर्षीच्या अंदाजपत्रकात शालीच्या खाली एक ओळ घाला: रेकॉर्डर, तिपाई, हेडफोन, दोन हार्ड डिस्क. चांगला छोटा रेकॉर्डर दहा-पंधरा हजारांत येतो. आणि त्या रात्री यंत्राशेजारी असा माणूस बसवा, ज्याला समेची जागा कळते आणि ऑटो कुठे बंद होतो हेही माहीत आहे.